जुन्या वेगवान गाडीचे पेट्रोल जाते कोठे?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या वेळी ह्या व्यासपीठावरून कोणी तरी पुढे मोटारगाडीच्या अ‍ॅव्हरेजवर तासभर बोलेल, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. मोटारगाडी त्या वेळी जन्माला यावयाची होती. काल येथे संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, आणि आज आम्ही पेट्रोल, टायर आणि रेडिएटर घेऊन आपल्यासमोर उभे आहोत. विषय खालच्या पायरीचा वाटेल. परंतु ह्या विषयात एका माणसाची अब्रू गुंतली होती, आणि ती कशी परत मिळाली हेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

आमचा पेशा शिकवण्याचा. मोटार मेकॅनिकचा वर्ग आम्ही अनेक वर्षे घेतला. त्यामुळे गावात कोणाची गाडी बिघडली की गॅरेजात नेण्याआधी लोक आमच्या ओट्यावर येतात. सल्ल्याला पैसे पडत नाहीत हे त्याचे खरे कारण. गेल्या हिवाळ्यात ताडकळसच्या बाजारातील आमचे एक स्नेही असेच आले. त्यांचे अडतीचे दुकान आहे. त्यांच्याकडे वीस वर्षांपेक्षा जुनी, सोळाशे सीसीची, शंभर अश्वशक्तीची पेट्रोल मोटार आहे. तरुणपणी हौसेने घेतलेली, मुलांच्या विरोधाला न जुमानता ठेवलेली. ते म्हणाले, "गुरुजी, गाडी पूर्वी लिटरला बारा द्यायची, आता आठ देते. चार किलोमीटरचं पेट्रोल कुठं जातं ते आम्हाला कळलंय. मामांना परवा घरी बसवलं."

मामा म्हणजे त्यांचे चालक. अठरा वर्षे त्या गाडीवर असलेले. आरोप चार भिंतींच्या आत झाला असता तर गोष्ट निराळी. पण तो दुकानासमोर, हमाल आणि शेतकरी उभे असताना झाला होता. शहरात माणसाला दुसरी नोकरी मिळते. आमच्यासारख्या गावात 'पेट्रोल काढणारा' हा शिक्का बसला की पुढची दहा वर्षे कोणी किल्ली हातात देत नाही.

पैशाचा हिशेबही लहान नव्हता. महिन्याला हजार किलोमीटर धरा. बाराच्या हिशेबाने ८३ लिटर लागावे, आठ-सव्वाआठच्या हिशेबाने १२१ ते १२५ लिटर. महिन्याला ३८ ते ४२ लिटरांचा फरक. आपल्या परभणी जिल्ह्याला पेट्रोलचा भाव काय चीज आहे हे सांगावयास नको. २०१८ साली भाव भडकले तेव्हा सर्वांत महाग पेट्रोल विकणारे गाव म्हणून परभणीचे नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत आले, आणि मनमाडजवळच्या पानेवाडीच्या साठ्यापासून पडणारे लांबचे अंतर हे त्याचे कारण सांगितले गेले. २०२१ साली तर भावाने शंभरी ओलांडली. तेव्हा फरक महिन्याला साडेतीन हजारांच्या वर जात होता. मालकांचा राग समजण्यासारखा होता. प्रश्न एवढाच की, तो योग्य माणसावर होता की नाही.

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगतो. महाराष्ट्राचा मोटारीशी संबंध जुना आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले, ती मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून आपण सर्वांनी पाहिली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. त्या गाडीत पेट्रोल मोजण्याचे काम कार्ब्युरेटर नावाचे एक भांडे करीत असे. मिस्त्री पेचकसाने स्क्रू फिरवी आणि कानाने इंजिन ऐके. २००१ साली त्याच कुर्ल्यातून फियाट कंपनीची पॅलिओ ही गाडी आली. तिच्या १.६ लिटरच्या प्रकारात १०० अश्वशक्तीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन होते, आणि पेट्रोल मोजण्याचे काम कॉम्प्युटरकडे गेले होते. त्या सुमारास आपल्याकडे अशा चपळ गाड्या दोन-तीन कंपन्यांनी आणल्या, आणि त्यांच्याविषयी दोनच गोष्टी बोलल्या जात: पळते छान, आणि पिते फार. आमच्या स्नेह्यांची गाडी कोणत्या कंपनीची हे आम्ही सांगणार नाही. त्याचे कारण पुढे कळेल. दोष कंपनीचा नव्हताच.

वेगवान गाडी अधिक पेट्रोल का पिते? अनेकांची समजूत अशी की, वेगाने चालवली म्हणून. तो अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा असा की, मोठे इंजिन हळू चालवले तरी त्याचा घरखर्च चालूच असतो. कपभर चहासाठी लग्नातली चूल पेटवली, तर चहा होतो खरा, पण लाकूड किती जाते? पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारणपणे चार आणेच चाकापर्यंत पोहोचतात. बाकीचे बारा आणे धुराड्यातून, रेडिएटरमधून आणि इंजिनच्या आतल्या घर्षणात जातात. मोठे इंजिन थोडक्या कामावर चालत असेल, तर हवा अडवून धरलेल्या झडपेतून ती ओढून घेण्यातच त्याची बरीच शक्ती खर्ची पडते. त्यातच अशा गाडीचे गिअर जोरासाठी ठेवलेले असतात, टायर रुंद असतात. म्हणून अशा गाडीने लहान गाडीइतके अ‍ॅव्हरेज द्यावे ही अपेक्षाच चूक. पण तीच गाडी पूर्वी बारा देत असेल आणि आज आठ देत असेल, तर मात्र जाब विचारलाच पाहिजे.

आम्ही स्नेह्यांना पहिला प्रश्न विचारला : "बारा द्यायची, हे कोणी मोजलं?" ते म्हणाले, "आठवतंय की." श्रोतेहो, आठवण ही फार मोठी लबाड आहे. नांदेडला जाताना एकदा मोकळ्या रस्त्यावर तेरा मिळाले, की माणूस आयुष्यभर तेराच सांगतो. म्हणून आम्ही मामांकडे गेलो. मामा अंगणात बसले होते. त्यांनी घरातून एक वही आणली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानात खतावणीला वापरतात तशी. अठरा वर्षांत प्रत्येक वेळी टाकलेले पेट्रोल, मीटरचा आकडा आणि तारीख त्यात होती. "मालकांनी कधी मागितली नाही," ते म्हणाले, "म्या बी कधी दाखवली नाही. पण पेट्रोल म्या प्यालो नाही, गुरुजी."

वही आम्ही रात्री चाळली. सुरुवातीच्या पानांवर अ‍ॅव्हरेज साडेअकरा ते बारा होते. तेव्हा मालकांची आठवण खरी निघाली. पण घसरण एकदम झाली नव्हती. एका दसऱ्यानंतर आकडा पाऊण किलोमीटरने उतरला. पुढे दोन वर्षांनी मे महिन्यात गाडी रस्त्यात उकळली होती, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो आणखी उतरला. नंतर हळूहळू, पायरीपायरीने, ८.२ ते ८.६ पर्यंत. चोरी करणारा माणूस दसऱ्याला पाऊण किलोमीटर आणि हिवाळ्यात एक किलोमीटर अशी चोरी करीत नाही. तरी एवढ्यावर निर्णय देणे बरोबर नव्हते. वही आरोपीनेच लिहिलेली होती.

म्हणून दुसरे काम मोजणीचे. मोजणीची रीत सोपी आहे, पण शंभरातले नव्वद लोक ती चुकतात. पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकले आणि काटा परत लाल रेघेवर आला, ही मोजणी नव्हे. पेट्रोलचा काटा अंदाज सांगतो, माप सांगत नाही. टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तेथे थांबावे. मीटरचा आकडा लिहावा. निदान तीनशे किलोमीटर चालवावे. पुन्हा त्याच पंपावर, त्याच नोझलने, गाडी त्याच जागी उभी करून, तितक्याच टप्प्यापर्यंत भरावे. दुसऱ्या वेळी जे लिटर गेले, तेवढे खर्च झाले. असे तीनदा करून सरासरी घ्यावी. एका मोजणीत दोन-तीन टक्क्यांची चूक सहज होते.

पंपावरही संशय होता, म्हणून तोही फेडून घेतला. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवावेच लागते, आणि गिऱ्हाइकाने मागितल्यास त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते. पाच लिटरला २५ मिलिलिटरपेक्षा अधिक तूट चालत नाही. हा हक्क आपणा सर्वांचा आहे. तो फारसा कोणी वापरत नाही. आमच्या पंपाचे माप बरोबर निघाले.

मग पंधरा दिवस गाडी आम्ही स्वतः चालवली. किल्ली रात्री आमच्या उशाशी. एका मोजणीत मीटरने ३१२ किलोमीटर दाखवले आणि पेट्रोल ३७ लिटर लागले. म्हणजे लिटरला ८.४. बाकीच्या दोन मोजण्याही त्याच घरात. मामांच्या वहीतला आकडा आणि आमचा आकडा एकच! आमच्या ताब्यातल्या गाडीतून पेट्रोल काढावयास कोणी आले नव्हते. मामांचा निर्दोषपणा येथेच सिद्ध झाला. गाडीचा दोष अजून कळला नव्हता, पण माणसाचा दोष नाही हे कळले होते. आम्ही तसे स्नेह्यांना लगेच सांगितले. ते गप्प राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग कोण पितंय, ते दाखवा."

आता गाडीकडे वळू. दसऱ्याला काय झाले होते? वहीत नोंद होती : 'चारी टायर नवे, रिम मोठ्या.' मालकांच्या पुतण्याने हौसेने मोठी चाके बसवली होती. मूळचे टायर १७५ मिलिमीटर रुंदीचे, १३ इंची रिमचे. त्यांचा व्यास होतो सुमारे ५७५ मिलिमीटर. नवे १८५ रुंदीचे, १४ इंची रिमचे. व्यास सुमारे ६१५. मीटर बिचारा चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठे झाले हे त्यास कोण सांगणार? मोठे चाक एका फेरीत अधिक अंतर कापते, आणि मीटर मात्र पूर्वीइतकेच लिहितो. आम्ही परभणीच्या रस्त्यावर किलोमीटरचे दगड धरून पाहिले. दगडांच्या हिशेबाने वीस किलोमीटर झाले तेव्हा मीटर १८.७ दाखवीत होता. जवळजवळ सात टक्के कमी. म्हणजे ३१२ हे खरोखरी ३३४ होते, आणि ८.४ चे अ‍ॅव्हरेज खरोखरी ९ होते. एक पाना न लावता अर्ध्या किलोमीटरहून अधिक परत मिळाले. जे पेट्रोल चोरीस गेले असे वाटत होते, त्यातले काही मुळात गेलेच नव्हते. आणि वेगाचा काटाही तितकाच कमी दाखवतो, हे हौशी पुतण्यांनी ध्यानात ठेवावे.

येथे हिशेबाची एक युक्ती सांगतो. लिटरला किती किलोमीटर, ही आपली रीत बोलावयास बरी, पण तुटीचा जमाखर्च मांडावयास ती सोयीची नाही. शंभर किलोमीटरला किती लिटर, असे मांडावे. म्हणजे बेरीज-वजाबाकी सरळ होते. बारा म्हणजे शंभराला ८.३ लिटर. नऊ म्हणजे ११.१ लिटर. तेव्हा शोधावयाचे होते ते शंभर किलोमीटरमागे २.८ लिटर.

त्यातला एक चोर असा निघाला की, त्यास चोर म्हणणेही बरोबर नाही. तो म्हणजे इथेनॉल. आज पंपावर मिळणारे पेट्रोल पूर्वीचे नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे मिश्रण टप्प्याटप्प्याने विकले जाऊ लागले आणि २०२५ मध्ये देशभर मिश्रणाचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, जुन्या धर्तीच्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज ह्या मिश्रणाने सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला आहे. आमच्या गाडीच्या मानाने हे शंभर किलोमीटरला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक. ह्यास इलाज नाही; ते खर्ची टाकून पुढे जावे. ह्या सभेत ऊस लावणारेही पुष्कळ बसले आहेत. त्यांच्या उसाला त्यातून गिऱ्हाईक मिळते आणि परदेशी तेलाची आयात वाचते, ही बाजूही खरी आहे. एका खिशातून जाते ते दुसऱ्या खिशात येते. फक्त दोन्ही खिसे एकाच सदऱ्याचे असतीलच असे नाही.

राहिले सव्वादोन लिटर. येथपासून आम्ही एक नियम पाळला, आणि आजच्या व्याख्यानातून दुसरे काही नाही तरी एवढे आपण घरी न्यावे : एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. गॅरेजात गाडी टाकून 'सगळे करून टाका' म्हटले, की प्लग, फिल्टर, ऑइल, सेन्सर सारे बदलले जाते, बिल येते, अ‍ॅव्हरेज सुधारलेच तर कशाने सुधारले ते कळत नाही, आणि नाही सुधारले तर कोठे पाहावे तेही कळत नाही.

प्रथम जे फुकट पाहता येते ते पाहिले. टायरमधली हवा. ३२ पौंड हवी तेथे २४ होती. मऊ टायर म्हणजे वाळूत ओढलेले गाडे. मग एका मोकळ्या, सपाट पट्ट्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पाहिली; ती जेवढी घरंगळत जावयास हवी तेवढी जात नव्हती. दहा किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवून उतरलो आणि प्रत्येक चाकाजवळ उलटा हात धरला. तीन चाके कोमट, पुढचे डावे चाक तापलेले. जॅक लावून फिरवले तर ते हाताने जड फिरत होते. ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या. पाय काढला तरी ब्रेक पुरता सुटत नव्हता. बैल पुढे ओढतो आहे आणि मागून कोणी शिवळ धरून ठेवली आहे, असा तो प्रकार. पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावले, हवा भरली. हे एकाच दिवशी केले, तेवढा नियमभंग आम्ही कबूल करतो. पुन्हा तीन टाक्या मोजल्या. शंभराला ११.१ चे साडेदहा झाले.

आता मे महिन्यातील उकळण्याकडे येऊ. खरी गोष्ट तेथे दडली होती. जानेवारीच्या सकाळी, परभणी जिल्ह्यात पारा अगदी खाली असताना, आम्ही गाडी सुरू करून पूर्ण्याच्या रस्त्याने निघालो. अर्धा तास झाला तरी उष्णतेचा काटा पाव घरापलीकडे जाईना. उन्हाळ्यात काटा वर गेला तर मालक घाबरतो. हिवाळ्यात तो वर गेला नाही तर खूश होतो. ही खुशी महाग पडते. इंजिनला ताप हवाच असतो. त्यासाठी पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक लहान झडप असते. तिच्यात मेण असते. पाणी थंड असेतोवर झडप बंद, पाणी रेडिएटरकडे जात नाही, इंजिन लवकर तापते. ८५ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. आम्ही झाकण उघडून पाहिले, तर आत झडपच नव्हती.

मामांना विचारले. ते म्हणाले, "त्या मे महिन्यात गाडी उकळली, तेव्हा मिस्त्रीनं काढून टाकली. आपल्याकडं गर्मी लई, म्हणाला, हिचं काही काम नाही." असे म्हणणारे मिस्त्री महाराष्ट्रात जागोजाग आहेत, आणि ते लबाड नाहीत. त्या दिवशी गिऱ्हाईक रस्त्यावर अडकलेले होते आणि झडप काढल्यावर गाडी घरी पोहोचली. त्याने ताप उतरवला. रोग तसाच ठेवला. रोग होता रेडिएटरमध्ये. वर्षानुवर्षे त्यात बोअरचे पाणी घातले गेले होते. आपल्या भागातील बोअरच्या पाण्याचे क्षार घरच्या पातेल्याला जसे पांढरे बसतात, तसेच ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. नळ्या बुजल्या म्हणून गाडी उकळली. उकळली म्हणून झडप गेली. झडप गेली म्हणून इंजिन कायमचे थंड राहिले.

आणि थंड इंजिन पेट्रोल का पिते? ह्या गाडीत पेट्रोल मोजणारा कॉम्प्युटर आहे, तो पाण्याची उष्णता पाहतो. पाणी थंड आहे असे कळले, की इंजिन नुकतेच सुरू झाले आहे असे समजून तो पेट्रोलचा हात सैल सोडतो. जुन्या फियाटचा चोक आपण ओढीत होतो तोच हा प्रकार, फक्त हात न दिसणारा. आमच्या गाडीचा चोक हिवाळ्यात जणू परभणीपर्यंत ओढलेलाच राहत होता. त्याचा पुरावा प्लगवर होता. बरोबर जळणाऱ्या इंजिनचा प्लग बिस्किटी रंगाचा असतो. आमचे चारही प्लग काजळीने काळे. पीयूसीच्या पावत्या मामांनी जपून ठेवल्या होत्या. त्यांवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दर खेपेस चढत गेलेला. ती पावती आपण काचेला चिकटवून विसरतो. खरे म्हणजे ती गाडीच्या प्रकृतीचा कागद आहे.

रेडिएटर उघडून साफ करून घेतला, नवा थर्मोस्टॅट घातला, आणि बोअरच्या पाण्याऐवजी शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट भरले. काटा दहा मिनिटांत मध्यावर आला आणि तेथेच राहिला. मोजणी : शंभराला ९.७ लिटर. एका लहान झडपेने पाऊण लिटरहून अधिक परत दिले.

राहिला धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर. जळून बाहेर पडलेल्या वायूत प्राणवायू किती उरला हे पाहून तो कॉम्प्युटरला 'पेट्रोल कमी कर, वाढव' असे सांगत असतो. चांगल्या सेन्सरचा दाब ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा खालीवर होतो. अशा जुन्या गाड्यांना आजच्या गाड्यांप्रमाणे स्कॅनर लावता येतोच असे नाही. साधा मल्टिमीटर पुरतो. आमचा सेन्सर काजळी खाऊन सुस्तावला होता. तो बदलल्यावर ९.७ चे ९.३५ झाले. हा शेवटचा आकडा मात्र आम्ही थोड्या कमी खात्रीने सांगतो, कारण मोजणीतील चुकीपेक्षा तो फार मोठा नाही.

एअर फिल्टरविषयी दोन शब्द. अ‍ॅव्हरेज घटले की पहिला दोष फिल्टरवर येतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते ठीक होते. परंतु अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मोजून पाहिले, तेव्हा इंजेक्शनच्या गाड्यांत बुजलेल्या फिल्टरने पळण्याचा जोर घटतो, अ‍ॅव्हरेज जवळजवळ घटत नाही, असे आढळले. कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी देतो. धुळीच्या रस्त्यांवर फिल्टर वेळेवर बदलावाच, पण तो इंजिन वाचवण्यासाठी.

शंभराला ९.३५ म्हणजे लिटरला १०.७. बारा पुन्हा आले नाहीत. राहिलेल्या एका लिटरात अर्ध्याहून अधिक इथेनॉलचे, काही रुंद टायरांचे, काही वयाचे. म्हातारपणी माणसाचीही धाव तीच राहत नाही. स्नेह्यांनी विचारले, "आणखी काही करता येईल?" आम्ही म्हणालो, "मूळची चाके परत बसवा, आणि दुकान ते घर एवढ्यासाठी ही गाडी काढू नका, पायी जा." पहिला सल्ला त्यांनी मानला.

आता शेवटचे. गाडीचा हिशेब पुरा झाला त्या संध्याकाळी आम्ही दोघे मामांच्या घरी गेलो. स्नेही बोलावयास लागले, तोच मामा म्हणाले, "मालक, बोलायचं ते दुकानासमोर बोला. तिथंच बोलला होता." आम्हांस वाटले, आता बिनसते. परंतु दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, भरल्या दुकानासमोर आमच्या स्नेह्यांनी मामांची लाल वही हातात घेतली आणि म्हणाले, "हिच्यातला एकही आकडा खोटा नाही. खोटं मी बोललो." अडतीच्या धंद्यात पत म्हणजे काय हे आपण जाणता, ती अशी उघड्यावर पणाला लावावयास हिंमत लागते. मामा कामावर परत आले, पण एका अटीवर. वहीच्या प्रत्येक पानाखाली मालकांचीही सही. त्या सह्या आम्ही परवाच पाहिल्या. पानांवर आकडे १०.५ आणि १०.९ यांच्या दरम्यान आहेत.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुनी गाडी असेल, जीप असेल, ट्रॅक्टर असेल. त्यांच्यापैकी कोणतेही वाहन अधिक पिऊ लागले, तर आधी एक वही घ्या. टाकी भरून मोजा, मीटर दगडाशी ताडून पाहा, चाकांना हात लावा, काटा कोठे थांबतो ते पाहा. माणसावर बोट दाखवावयाचे असेल तर ते सर्वांत शेवटी. आणि बहुधा तेथपर्यंत जाण्याची वेळच येणार नाही.